स्टेपनीची जागा

नवी पिकअप घेतलेला माणूस आमच्या शेडमध्ये येतो तेव्हा त्याचं सगळं आधीच ठरलेलं असतं. हौदा किती लांब हवा, फाळका नुसता मागे उघडायचा की तिन्ही बाजूंनी, पुढच्या काचेवर कुठल्या देवाचं नाव, मागे कुठल्या पोराचं, हॉर्न कसा वाजला पाहिजे, सगळं. मग मी विचारतो, "आणि स्टेपनी कुठं बसवायची?" त्यावर तो माझ्याकडे असा बघतो, जणू मी लग्नघरात शिरून तिरडीचे बांबू कुठे ठेवलेत म्हणून चौकशी केली. "बसवा की कुठंबी," म्हणतो आणि पुन्हा हॉर्नकडे वळतो.

या 'कुठंबी'चा मला आयुष्यभर राग आला. गाडी धडधाकट असताना तिच्यावर प्रेम सगळेच करतात. ती वाटेत बसल्यावर काय करायचं याचा विचार आदल्या दिवशी करणारा माणूस मला फार क्वचित भेटला.

मी कोरेगावात गाड्यांचे हौदे बांधतो. खरं म्हणजे बांधत होतो. वेल्डिंगच्या उजेडाने डोळे दमले, आता खुर्चीवर बसून दुसऱ्यांच्या चुका काढतो. काम शिकलो मिरजेत. आमच्या पलीकडच्या गल्लीत तंबोऱ्याचे भोपळे वाळत घातलेले असायचे आणि आमच्या गल्लीत दिवसभर लोखंड बडवलं जायचं. दोन्हीकडचे कारागीर एकाच टपरीवर चहाला यायचे आणि आमच्या आवाजाबद्दल ते आम्हाला रोज बोलायचे. तिथे एका उस्तादांच्या हाताखाली मी अँगल कापायला, पत्रा ठोकायला आणि गिऱ्हाइकाशी भांडायला शिकलो. शेवटचं मला सगळ्यात लवकर आलं.

बाहेरच्या माणसाला वाटेल, गाडी कंपनीतून तयार येते, मग यात बांधायचं काय? पण कंपनी हौदा देते तो सगळ्यांसाठी सारखा, म्हणजे कुणाच्याच उपयोगाचा नाही. हळदवाल्याला बाजू उंच हव्यात, द्राक्षवाल्याला आत कप्पे हवेत, दूधवाल्याला कॅन घसरू नयेत अशी तळाला पट्टी हवी. ते सगळं आम्ही करतो. आणि एवढं करून झाल्यावर ते एक जादाचं चाक उरतं, ज्याला स्टेपनी म्हणतात, आणि ज्याला घरात कुठेच जागा नसते.

कंपनी ती हौद्याखाली मागच्या बाजूला आडवी टांगून देते. डांबरी रस्त्यावर फिरणाऱ्यांना ते ठीक आहे. आमच्याकडे उसाच्या फडातून गाडी बाहेर येते तेव्हा खालची स्टेपनी चिखलाने लिंपून निघालेली असते. चिखल वाळतो, बोल्ट गंजतो, आणि गरज पडते त्या दिवशी पाना जागचा हलत नाही. शिवाय भरलेल्या गाडीचं मागचं चाक बसलं की हौदाही खाली येतो आणि स्टेपनी जमिनीच्या आणि चासीच्या मधे अडकते. मग ड्रायव्हरला रस्त्यावर उताणं पडून, गाडीच्या पोटाखाली हात घालून जे काही बोलावं लागतं, ते इथे लिहिता येत नाही.

हौद्यात टाकली तर मालाखाली जाते. तासगावकडचे एक बागायतदार होते. "खाली टांगली की चोर नेत्यात, मिस्त्री," म्हणून त्यांनी ती हट्टाने हौद्याच्या तळाला, अगदी पुढच्या कोपऱ्यात बसवून घेतली. ऐन हंगामात द्राक्षांनी गाडी भरली आणि वाटेत चाक बसलं. सगळे क्रेट उतरवून रस्त्याच्या कडेला मांडावे लागले. येणारे-जाणारे गाड्या थांबवून भाव विचारायला लागले. दोघा-तिघांनी तर घासाघीसही केली. बागायतदारांनी तिथूनच मला फोन करून शिव्या घातल्या. शांतपणे ऐकून घेणं माझ्या स्वभावात नाही, पण त्या दिवशी मी घेतल्या.

टपावर ठेवणारेही असतात. एक चांगला धिप्पाड गडी होता, स्टेपनी एका हाताने खाली घ्यायचा. त्याने पुढे गाडी मेहुण्याला दिली. मेहुणा बुटका. त्याला ती स्टेपनी नुसती बघायला मिळायची.

मला पटवून हरवलं ते एकाच गिऱ्हाइकाने, आटपाडीकडच्या एका मेंढपाळाने. पूर्वी त्यांचं बिऱ्हाड घोड्यावर असायचं, आता पिकअपवर असतं. तो म्हणाला, "हौद्यात मधोमध आडवी टाका." मी त्याला सगळी कारणं सांगितली. त्याने ऐकली आणि म्हणाला, "चाकाच्या पोकळीत कोकरू बसतंय, मिस्त्री. वळणावर घसरत न्हाई. आईबिगर भ्यालेलं असतंय, त्येला तेवढाच आडोसा." मी म्हटलं, अरे, पण पंक्चर झाल्यावर? "मग उचलायचं कोकरू. त्येला काय जड हाय?"  मी तळाला कड्या मारून दिल्या.

तर माझं मत असं झालं, की स्टेपनीची जागा गाडी बघून ठरवायची नसते, ती उतरवणारा माणूस बघून ठरवायची. त्याची उंची काय, कंबर धड आहे का, एकटा असतो की सोबत कुणी असतं. आणि ज्या माणसापुढे हे सगळं सांगून माझा घसा बसला आणि काही उपयोग झाला नाही, ते जालिंदर आप्पा.

आप्पा कोरेगावजवळच्याच एका गावचे. त्या गावात घरटी एक तरी माणूस पलटणीत आहे किंवा होता. आप्पांना ऊस आणि हळद, आणि एकच मुलगा, सुनील. तोही सैन्यात, ड्रायव्हर. वरती बर्फाच्या मुलखात एका घाटात त्याची गाडी दरीत गेली आणि तो गेला. सुट्टीवर आला की तो म्हणायचा, पेन्शनीवर आलो की पिकअप घेणार, आपला माल आपण न्यायचा. तो गेल्यावर वर्ष सरलं आणि आप्पांनी पिकअप घेतली. ती घेऊन ते माझ्याकडे आले, सोबत सून होती, रेश्मा. अंगाने बारीक, डोक्यावर पदर, आणि गाडी तीच चालवत आणली होती.

"चालवणार कोण?" मी नेहमीप्रमाणे विचारलं.

"हीच," आप्पा म्हणाले. "सुनीलनं शिकवलीया. सुट्टीत मळ्याच्या वाटंनं दोस्ताची गाडी हिच्याकडनं चालवून घ्यायचा. गावाला काय बोलायचं ती बोलू दे."

मला बरं वाटलं. मी म्हटलं, मग स्टेपनी डाव्या बाजूला, केबिन आणि मागच्या चाकाच्या मधे, हौद्याखाली उभी बसवू. बॅटरी थोडी सरकवावी लागेल. गुडघ्याएवढ्या उंचीवर येईल, खिट्टी काढली की नुसती बाहेर ढकलायची. डावीकडे असल्याने मागून येणाऱ्या गाड्यांचीही भीती नाही. एकट्या बाईला याहून सोयीची जागा नाही.

"खाली नगं," आप्पा म्हणाले. "वर. केबिनच्या मागं, टपाच्या वरती दिसंल अशी, उभी. आनि तिच्यावर पोराचं नाव लिवायचं."

माझ्या शेडच्या अर्ध्या भागात रज्जाक पेंटरचं काम चालतं. तालुक्यातल्या निम्म्या गाड्यांवरची नावं त्याच्या हातची आहेत. तो ब्रश पुसत पुढे आला. "आप्पा, रबरावर रंग टिकत न्हाई. मी असं करतो, पत्र्याचं गोल झाकण बनवतो, चाकाच्या मापाचं. त्याच्यावर नाव लिहितो, वर्दीतला फोटो बघून चेहरासुद्धा काढतो. उद्या पंक्चर झालं तर झाकण काढायचं, चाक लावायचं, झाकण जागेवर. नावाला काही होत न्हाई."

माझ्या मते हा हुशार तोडगा होता. आप्पांनी मान हलवली.

"झाकन नगं, रज्जाकभाई," ते म्हणाले. "पोरगं झाकूनच आलं आमचं. पेटी उघडू नगा म्हनले. म्या न्हाई उघडली. आता काय झाकायचं न्हाई."

रज्जाक आत गेला आणि उगीचच स्वच्छ ब्रश पुन्हा धूत बसला. रेश्मा गाडीच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. एवढी वर्षं गिऱ्हाइकांशी भांडलो, पण या माणसाशी कसं भांडायचं ते मला समजेना.

तरी मी भांडलो. स्टेपनीवरच कशाला, फाळक्यावर लिहू, दारावर लिहू, म्हणालो. तर आप्पांनी सांगितलं, सुनील म्हणायचा, गाडीत सगळं बिघडलं तरी निभतं, स्टेपनी बिघडता कामा नये. सकाळी उठला की आधी तिची हवा बघायचा. म्हणून नाव स्टेपनीवर. मी म्हटलं, मग दोन स्टेपन्या ठेवा, एक नावाची वर, एक कामाची खाली. यावर आप्पा दुखावले. "दोन कशाला? पैल्या स्टेपनीवर इस्वास न्हाई असं हुतंय त्ये." मी शेवटी विचारलं, "मग चाक पंक्चर झालं तर ही लावायची ना?" ते म्हणाले, "रस्त्यावर घालू व्हय त्येचं नाव? शेण-मातीत?" म्हणजे स्टेपनी हवी, तिच्यावर विश्वासही हवा, आणि ती लावायची मात्र नाही. वर तिला कुलूप हवं. किल्ली त्यांच्याकडे राहणार.

"वाटेत बसली तर ही काय करणार?" मी रेश्माकडे बोट दाखवून जवळजवळ ओरडलो.

"मला फोन करंल."

मी रेश्माकडे बघितलं. ती म्हणाली, "मामा म्हणत्यात तसं करा, मिस्त्री." आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाच म्हणतात. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि मला तेच जास्त लागलं.

मी केलं त्यांच्या मनासारखं. जाड अँगलचं ब्रॅकेट, वरून पट्टी, पट्टीला कुलूप. रज्जाकने टायरच्या कडेने गोल, पांढऱ्या रंगात लिहिलं: वर 'जवान सुनील', खाली गावाचं नाव. त्याने इतकं जीव लावून लिहिलं, की दुकानाच्या पाट्यांना तो तसं कधी लिहीत नाही. गावात गाडीची पूजा झाली तेव्हा बायकांनी बॉनेटला ओवाळलं, आणि मग हात उंच करून स्टेपनीला ओवाळलं. आप्पा रोज सकाळी हौद्यात चढून ओल्या फडक्याने ती पुसायचे. दसऱ्याला गाडीला एक हार आणि तिला वेगळा. रेश्मा गाडी घेऊन एकटी सातारा, कराड, सांगली करायची. गाडी तिने चांगली सांभाळली, पण प्रत्येक वेळी ती आमच्या दारावरून गेली की माझी नजर आधी तिच्या चार चाकांवर जायची.

उन्हाळा लागताना मला डोळे दाखवायला मिरजेला जायचं होतं. आप्पांना कळलं. "आमच्याच गाडीतनं चला की," म्हणाले. "मंडळीला दवाखान्यात दाखवायचंय, हळद सांगलीत घालायचीया." मंडळी म्हणजे त्यांची बायको, हौसाक्का. हृदयाचं दुखणं होतं, मिरजेच्या डॉक्टरांची वेळ घेतलेली. पोरगा गेल्यापासून त्या फारसं बोलत नसत. मला तर त्यांचा आवाजच आठवत नव्हता.

केबिनमध्ये रेश्मा आणि अक्का. मागे हळदीच्या पोत्यांवर मी आणि आप्पा. मी स्टेपनीला पाठ टेकून बसलो. आप्पा मात्र बाजूला सरकून, अंग चोरून बसले होते. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की त्यांना तिला पाठ लावायची नाहीये. मग मीही सरकलो. सगळ्या वाटेने ते मला शेतातलं सांगत होते आणि अधूनमधून मान वर करून एकदा तिच्याकडे बघत होते. माझा त्यांच्यावरचा राग त्या प्रवासात गेला. पण काळजी गेली नाही.

विट्याच्या अलीकडे मागचं डावं चाक बसलं.

रेश्माने गाडी कडेला घेतली, खाली उतरून बघितलं, आणि सासूला उतरवून बाभळीच्या सावलीत बसवलं. ऊन वर आलं होतं. अक्कांना धाप लागलेली दिसत होती, पदराने त्या तोंड पुसत होत्या. मी जॅक काढला, चाकामागे दगड लावला. तेवढंच माझ्या हातात होतं.

एक पिकअपवाला थांबला. त्याने वर बघितलं आणि हसला. "आवं पावनं, स्टेपनी डोक्यावर घेऊन बसलायसा की! उतरवू का?"

"ती न्हाई लावायची," आप्पा म्हणाले.

"न्हाई लावायची? मग कशाला घेतलीया?"

आप्पा चाकाकडे वळले. त्याने माझ्याकडे बघितलं. मी जॅककडे बघत राहिलो. त्याच्याकडे त्याची स्वतःची स्टेपनी होती, पण तिच्या बोल्टची भोकं आमच्या गाडीला जुळत नव्हती. तो बराच वेळ नावाकडे बघत उभा राहिला, मग 'जवान' शब्द त्याच्या ध्यानात आला असावा. त्याने टोपी काढली, परत घातली आणि निघून गेला.

पंक्चर झालेलं चाक काढून विट्याला न्यायचं, तिथून जोडून आणायचं, असं आप्पांनी ठरवलं. तोवर डॉक्टरांची वेळ टळणार होती. म्हणून त्यांनी रस्त्यात उभं राहून एक मोटार थांबवली. आत एक नवरा-बायको होते, भले लोक, लगेच तयार झाले. "आजींना आम्ही मिरजेला पोचवतो. तुम्ही मागून या." आप्पांनी हात जोडले आणि अक्कांना उठवायला गेले.

अक्का उठल्या नाहीत.

"मी न्हाई जायाची," त्या म्हणाल्या.

"आगं, डाक्टर थांबणार न्हाई."

"न थांबू दे. मी माज्या ल्योकाच्या गाडीतनं निगालीया, त्याच्याच गाडीतनं जाईन." त्या धाप टाकत टाकत बोलत होत्या, एकेक शब्द वेगळा. "धा वर्सं त्यानं गाडी चालवली. बर्फात. कुणाला वाटंत अडकवून ठिवलं न्हाई त्यानं. आनि तुमी त्येचं नाव लिवून आमाला हितं अडकवून बसलाय. चावी द्या तिला."

मोटारीतल्या माणसाने इंजिन बंद केलं. आप्पा जागच्या जागी उभे. त्यांचा चेहरा मी बघितला आणि मला वाटलं, मी इथे असायला नको होतं. एवढ्या दिवसांत कुणी त्यांना हे बोललं नव्हतं. मी आडून बोललो होतो, भांडलो होतो, पण हे बोलायचा हक्क एकाच माणसाला होता.

किल्ली करदोट्याला लांब दोऱ्याने बांधलेली होती. सोडताना त्यांच्याने गाठ सुटेना. रेश्मा पुढे झाली, पण त्यांनी हाताने थांबवलं आणि दाताने गाठ सोडवली.

रेश्माने चपला खाली काढून ठेवल्या आणि ती पोत्यांवर चढली. कुलूप काढलं, पट्टी सोडवली. चाक जड असतं. तिने ते अंगावर घेतलं, ओठ दाबून पोत्यांवरून हळूहळू हौद्याच्या कडेला आणलं. मी खाली हात पसरून उभा होतो, पण आप्पा मला बाजूला सारून पुढे आले. सकाळपासून हळदीच्या पोत्यांना धरून त्यांचे हात पिवळे झालेले होते. त्यांनी चाक छातीशी घेतलं आणि तसेच उभे राहिले. मी म्हटलं, "आप्पा, खाली ठेवा, गडगडत नेऊ." ते मानेने नाही म्हणाले. मागच्या चाकापर्यंत अंतर चार पावलांचं, पण ते चाक त्यांनी जमिनीला टेकू दिलं नाही. मी दुसऱ्या बाजूने हात लावला. त्यांच्या तोंडातून एकच शब्द येत होता, "आलो, आलो." कुणाला म्हणत होते ते मी विचारलं नाही.

बोल्ट रेश्माने आवळले. मी फक्त पाना देत होतो. एकदा तिने पान्यावर पाय दिला, नीट बसावा म्हणून, आणि लगेच चमकून आप्पांकडे बघितलं. "दे," ते म्हणाले. "घट बसू दे."

जॅक काढला तेव्हा चाक जमिनीला टेकलं आणि गाडीचं सगळं वजन त्याच्यावर आलं. आप्पांनी डोळे मिटले होते. अक्कांनी मिटले नव्हते.

गाडी निघाली. आप्पा पोत्यांवर बसले नाहीत. डाव्या बाजूला कडेला धरून, वाकून, चाकाकडे बघत उभे राहिले. मी त्यांच्या सदऱ्याला मागून धरून ठेवलं होतं. चाक फिरायला लागलं की अक्षरं वाचता येत नाहीत, नुसती एक पांढरी रेघ गोल फिरताना दिसते. तासगाव गेलं, सांगली गेली. हळद परतीच्या वाटेवर घालायची ठरली होती.

मिरजेत आम्हाला थोडा उशीर झाला, पण डॉक्टर थांबले होते. रेश्मा अक्कांना घेऊन आत गेली. माझ्या डोळ्यांचा दवाखाना शेजारच्याच रस्त्यावर होता, तिथून मी परत आलो तर आप्पा गाडीजवळ उकिडवे बसून टॉवेलने चाक पुसत होते. शेण, माती, कुठल्याशा खड्ड्यातलं काळं पाणी. रज्जाकने सांगितलं होतं तसंच झालं होतं, रबरावरचा रंग टिकला नव्हता. 'जवान'मधलं अर्धं गेलं होतं. गावाचं नाव तर वाचताच येत नव्हतं.

जवळच्या दुकानातून पंक्चर काढून घेतलं. मी म्हटलं, "आप्पा, हे चाक आता मागे लावू. स्टेपनी वर चढवू परत."

त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला.

"ऱ्हाऊ द्या हाय तितंच," ते म्हणाले. "म्या त्येला वर बसवून ठिवला हुता, मिस्त्री. त्येला कवा बसून ऱ्हायाची सवय नव्हती."

आणि मग ते रडले. दवाखान्याच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढे, तोंडावर टॉवेलही न घेता. पेटी आली त्या दिवशीसुद्धा ते रडले नव्हते म्हणे. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलो. मला सांत्वन करता येत नाही, कधीच आलं नाही. नुसता बसून राहिलो.

पुढच्या आठवड्यात गाडी शेडमध्ये आली. अक्का घरी होत्या, औषधं सुरू झाली होती. आप्पा आणि रेश्मा दोघंच आली होती. सुनीलचं चाक मागे डावीकडे तसंच चालत होतं. रज्जाकने डबा उघडला, "आप्पा, नाव परत चांगलं करून देतो. या वेळी जरा वेगळा रंग वापरू." आप्पा म्हणाले, "नगं, रज्जाकभाई. झिजंल तसं झिजू द्या." रज्जाकने डबा तसाच बंद केला.

मग त्यांनी वरचं रिकामं ब्रॅकेट दाखवलं आणि म्हणाले, "ह्ये कापा."

माझे डोळे आता ग्राइंडरच्या ठिणग्या सहन करत नाहीत, पण ते काम मी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. आप्पा हौद्यात चढले आणि मी कापत असताना त्यांनी ते खालून दोन्ही हातांनी धरून ठेवलं. ते सुटलं तेव्हा त्यांनी ते हातात जरा तोलून बघितलं, आणि भंगाराच्या ढिगावर न टाकता माझ्या हातात दिलं.

जोडून आणलेलं जादाचं चाक शेडच्या दाराशी टेकवून ठेवलं होतं. कोरं, नाव नसलेलं. मी हात पुसले आणि आप्पांना विचारलं, "मग आता ही कुठं बसवायची?"

ते गाडीतून उतरत होते. उतरता उतरता म्हणाले, "मला का इचारताय? तिला इचारा. उतरवायची तिला हाय."

रेश्मा आमच्याकडे बघत उभी होती. तिला आजवर असं कुणी विचारलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. पदर कमरेला खोचून ती गाडीभोवती एक फेरी फिरली, एका जागी वाकली, हात लावून बघितला, मग दुसऱ्या जागी. आप्पा रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीकडे तोंड करून उभे राहिले, तिला घाई वाटू नये म्हणून. मी खिशातला खडू काढला आणि तिच्या हातात दिला.